‘सपोर्ट संपला’ हा संदेश पुन्हा पुन्हा येत असेल तर

संदेश बंद केला, मशीन रीस्टार्ट केले, हाती लागले ते अपडेटही टाकले, आणि आठवड्याभरात तोच संदेश परत हजर. ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्ट संपल्याच्या बहुतेक तक्रारी या चक्रात फिरतात, कारण ‘सपोर्ट संपला’ या एका वाक्याआड बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी असतात. कधी फक्त हातातली आवृत्ती संपलेली असते आणि पुढची फुकट मिळत असते. कधी अख्खी सिस्टिमच बंद झालेली असते. कधी सिस्टिम चालू असते, पण तुमचे मशीन तिच्या यादीतून गेलेले असते. आणि कधी यातले काहीच नसते, मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असते. पहिल्या प्रकारात लोक उगाच नवे मशीन घेतात आणि दुसऱ्या प्रकारात महिनोन्‌महिने ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबत बसतात.

खाली आज्ञा आणि फोल्डरांची नावे देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरे वापरायची.

आधी बिल्डचा आकडा वाचा

विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा, डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर टाइप करून एंटर मारा. लहानशी खिडकी उघडते. तिच्यात वर सिस्टिमचे मोठे नाव असते, ते सोडून खालची बारीक ओळ बघा. समजा तिथे ‘व्हर्जन २२एच२, ओएस बिल्ड १९०४५.६४५६’ असे आहे. टिंबाच्या आधीचा आकडा आवृत्तीचा. टिंबानंतरचा आकडा मासिक अपडेटचा, तो दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतर वाढायला हवा. पुढचे सगळे निदान या एका ओळीवर चालते.

१९०४५ म्हणजे विंडोज १० ची शेवटची आवृत्ती. विंडोज ११ मध्ये २२००० म्हणजे २१एच२, २२६२१ म्हणजे २२एच२, २२६३१ म्हणजे २३एच२, २६१०० म्हणजे २४एच२ आणि २६२०० म्हणजे २५एच२. होम आणि प्रो या प्रकारांना प्रत्येक आवृत्तीमागे २४ महिने मिळतात, एंटरप्राइझ आणि एज्युकेशनला ३६. म्हणून २३एच२ होम किंवा प्रोवर असेल तर ती ११ नोव्हेंबर २०२५ लाच संपली. तीच आवृत्ती एंटरप्राइझवर असेल तर १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत चालते. होम-प्रोसाठी २४एच२ ची तारीख १३ ऑक्टोबर २०२६ आणि २५एच२ ची १२ ऑक्टोबर २०२७. त्यामुळे ‘विंडोज ११ चा सपोर्ट संपला’ असे कोणी म्हणाले तर ते अर्धेच खरे असते. संपलेली असते ती आवृत्ती, आणि पुढच्या आवृत्तीला पैसे लागत नाहीत.

विंडोज ११ आहे, पण पुढची आवृत्ती येतच नाही

मासिक अपडेट येत राहतात, मोठी आवृत्ती मात्र दिसत नाही, आणि एक दिवस सपोर्ट संपल्याचा संदेश येतो. याचे सगळ्यांत दुर्लक्षित कारण म्हणजे कोणीतरी कधीतरी आवृत्ती जागेवर खिळवून ठेवलेली असते. मोठे अपडेट त्रास देते म्हणून ते ‘थांबवणारी’ छोटी साधने मिळतात. ती रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) एक धोरण लिहून ठेवतात. साधन काढून टाकले तरी धोरण तिथेच राहते.

रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकेईवाय लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोजअपडेट या क्रमाने जा. तिथे ‘टार्गेटरिलीजव्हर्जन’, ‘टार्गेटरिलीजव्हर्जनइन्फो’ आणि ‘प्रॉडक्टव्हर्जन’ या नावांच्या नोंदी आहेत का बघा. ‘इन्फो’वाल्या नोंदीत २२एच२ असे लिहिलेले असेल तर मशीन त्या आवृत्तीवर अडकून राहते. मशीन घरचे असेल तर ती शाखा एक्स्पोर्ट करून ठेवा, मग या तीन नोंदी पुसा आणि रीस्टार्ट करून अपडेट शोधा. मशीन कार्यालयाचे असेल तर हात लावू नका. ते धोरण सर्व्हरवरून येते, तुम्ही पुसले तरी काही वेळात पुन्हा उमटेल. अपडेटच्या पानावर ‘काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेकडून नियंत्रित आहेत’ अशी ओळ दिसत असेल आणि मशीन कुठल्याही संस्थेचे नसेल, तर संशय थेट या नोंदींवर घ्यावा.

दुसरे नेहमीचे कारण जागेचे. सी ड्राइव्हवर २० जीबी तरी मोकळे हवेत. त्याहून थोडे जास्त असतील तर मागे परतायची वाट नीट राहते. पण ड्राइव्ह अर्धा रिकामा असूनही ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आले नाही’ असे येते तेव्हा सी ड्राइव्ह झाडून उपयोग नाही. अडचण बूटच्या छोट्या पार्टिशनची आहे. ते बऱ्याच मशीनवर जेमतेम १०० एमबीचे असते आणि काही उत्पादकांची फर्मवेअर (मशीन सुरू करणारे बोर्डवरचे सॉफ्टवेअर) साधने त्यात स्वतःच्या फायली टाकून ते भरून ठेवतात. मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेला उपाय असा: अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘माउंटव्हॉल वाय: /एस’ चालवा, मग वाय ड्राइव्हवर जाऊन ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट, फॉन्ट्स या फोल्डरात शिरा आणि फक्त त्याच फोल्डरातल्या फायली पुसा. त्या बूटच्या पडद्यावरच्या निरनिराळ्या लिप्यांच्या फॉन्ट-फायली आहेत, त्यांच्यावाचून मशीन सुरू होते. पुसण्याची आज्ञा देण्याआधी प्रॉम्प्टवर कोणता फोल्डर दिसतो ते दोनदा वाचा. एक पायरी वर असताना तीच आज्ञा दिलीत तर मशीन पुन्हा सुरू होणार नाही.

तिसऱ्या कारणात तुमच्या हातात काही नसते. एखादा ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत गोंधळ घालतो हे कळल्यावर मायक्रोसॉफ्ट तशा मशीनना आवृत्ती देणे थांबवते. अपडेटच्या पानावर तसे लिहूनही येते. तेव्हा इन्स्टॉलेशन मीडियाने ती जबरदस्तीने ढकलली तर मशीन निळ्या पडद्यावर बंद पडू शकते. आधी उत्पादकाच्या साइटवरून तो ड्रायव्हर नवा करा, अडवणूक बहुधा आपोआप सुटते.

२४एच२ वरून २५एच२ ला जाणे हलके आहे. दोन्हींचे मूळ एकच, त्यामुळे एक छोटे पॅकेज आणि एक रीस्टार्ट एवढेच लागते. २३एच२ वरून मात्र पूर्ण चढाई असते, तेव्हा वेळ आणि बॅकअप दोन्ही हाताशी ठेवून बसा.

विंडोज १०: इथे खरोखर सिस्टिम संपली

२९ जुलै २०१५ ला आलेल्या विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बिल्ड १९०४५.६४५६ हा त्या दिवशीच्या अपडेटचा आकडा. तुमचा आकडा तिथेच किंवा त्याच्या अगदी जवळ अडकला असेल तर मशीनला सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, मग अपडेटच्या पानावर कितीही हिरवी खूण दिसो. डिफेंडरच्या व्हायरस-व्याख्या येत राहतात, त्यामुळे ‘अपडेट तर येतेय’ असा समज होतो. व्याख्या आणि सिस्टिममधल्या छिद्रांची दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरगुती मशीनला वाढीव सुरक्षा अपडेट, म्हणजे ईएसयू, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय आहे. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट या पानावर उजवीकडे किंवा बटणाखाली ‘एनरोल नाऊ’ ही ओळ असते. तीन वाटा आहेत: सेटिंग्ज सिंक चालू ठेवून फुकट, रिवॉर्ड्सचे १००० गुण देऊन, किंवा एकदाच ३० डॉलर भरून. सिंकच्या वाटेने जाण्यासाठी सगळे फोटो आणि फायली ओनड्राइव्हवर चढवाव्या लागत नाहीत, सेटिंग्ज पुरतात. एका खात्यावर १० मशीन नोंदवता येतात.

तक्रार बहुधा अशी असते की ती ओळच दिसत नाही. या क्रमाने तपासा. आवृत्ती २२एच२ आहे ना? २१एच२ किंवा जुनी असेल तर ओळ येणारच नाही, आधी २२एच२ वर या. ऑगस्ट २०२५ चे केबी५०६३७०९ (केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचा क्रमांक) किंवा त्यानंतरचे अपडेट आहे का? त्याआधी नोंदणीची खिडकी उघडून लगेच मिटायची, ती चूक त्यात दुरुस्त झाली. नोंदणी पुढच्या पायरीवर अडकत असेल तर नोव्हेंबर २०२५ चे तातडीचे केबी५०७१९५९ टाका, ते नोंदणी न झालेल्या घरगुती मशीनसाठीच काढले होते. तुम्ही ज्या खात्याने आत आला आहात ते अॅडमिनचे आहे का, आणि मुलाचे खाते तर नाही ना? स्थानिक खाते असले तरी नोंदणीच्या वेळी मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करावेच लागते, पैसे भरून घेतलेत तरी. शेवटचे म्हणजे मशीन डोमेनला जोडलेले किंवा संस्थेच्या व्यवस्थापनाखाली असेल तर ही घरगुती सोय त्याला लागूच नाही. संस्थांसाठीची ईएसयू वेगळी विकत घ्यावी लागते. ती कमाल तीन वर्षांची असते आणि दर वर्षी तिची किंमत दुप्पट होते. दुसऱ्या वर्षी सामील झालात तरी पहिल्या वर्षाचे पैसे द्यावे लागतात.

नोंदणी झाली, बिल्डचा आकडा दर महिन्याला पुढे सरकतोय, आणि तरीही ‘सपोर्ट संपला’ दिसते? ऑक्टोबर २०२५ च्या केबी५०६६७९१ नंतर ईएसयू असलेल्या काही प्रो, एज्युकेशन, एंटरप्राइझ मशीनवर आणि २०२१ च्या एलटीएससीवर (संस्थांसाठीच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर) हा संदेश चुकून दिसत होता. तो निव्वळ दाखवण्यातला दोष होता. अशा वेळी संदेशाकडे दुर्लक्ष करून आकड्यावर विश्वास ठेवा.

एलटीएससीच्या तारखांत एक गंमत आहे. २०२१ ची एलटीएससी १२ जानेवारी २०२७ ला संपते आणि तिच्याआधीची २०१९ ची ९ जानेवारी २०२९ पर्यंत चालते. जुनी जास्त जगते, कारण मायक्रोसॉफ्टने मध्येच मुदत दहा वर्षांवरून पाचवर आणली. त्याच २०२१ च्या आवृत्तीच्या आयओटी एंटरप्राइझ प्रकाराला मात्र १३ जानेवारी २०३२ पर्यंत दिले आहे. म्हणून ‘एलटीएससी आहे’ एवढ्यावर थांबू नका, वर्ष आणि प्रकार दोन्ही वाचा.

ऑफिस २०१६ आणि २०१९ चा सपोर्टही त्याच १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ईएसयूत ऑफिस येत नाही. वर्डच्या पट्टीवर पिवळा इशारा दिसत असेल तर तो ऑफिसचा आहे, विंडोजचा नव्हे.

मशीन ११ घेत नाही म्हणते

‘हे पीसी विंडोज ११ साठी पात्र नाही’ हा संदेश वाचून लगेच मशीन भंगारात काढू नका. चार-पाच वर्षांच्या मशीनवर तो पुष्कळदा फर्मवेअरमधल्या बंद ठेवलेल्या एका सेटिंगमुळे येतो. ११ ला टीपीएम ही सुरक्षेची चिप लागते. विंडोज आणि आर दाबून उघडणाऱ्या रनच्या चौकटीत टीपीएम डॉट एमएससी टाइप करा. ‘स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०’ दिसले तर ती अट पूर्ण. ‘टीपीएम सापडले नाही’ असे आले तर यूईएफआयमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंग्जमध्ये जा. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी या नावाने असते, एएमडीवर एफटीपीएम या नावाने. चालू करा. त्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) सस्पेंड करा आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या सुरुवातीला निळा पडदा ती की मागेल आणि ती की कोणत्या खात्यात आहे हे त्याच मशीनवर बसून शोधता येणार नाही.

मग एमएसइन्फो३२ उघडा आणि ‘बायोस मोड’ ही ओळ बघा. ‘लेगसी’, म्हणजे सुरू होण्याची जुनी पद्धत असेल तर ११ ला लागणारे सिक्युअर बूट (फक्त सही असलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू होऊच शकत नाही. इथे एक चूक फार होते: लोक थेट फर्मवेअरमध्ये लेगसी बंद करतात आणि मशीन ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणून थांबते, कारण डिस्क अजून एमबीआर या जुन्या मांडणीची असते, यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटी मांडणीची नव्हे. आधी डिस्क बदलायची, मग मोड. अॅडमिन प्रॉम्प्टवर ‘एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाउफुलओएस’ चालवा. तपासणी पार पडली तर त्याच आज्ञेत व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट लिहा. तपासणी नापास होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन असणे किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन असणे. साधनाला ईएफआयचे नवे पार्टिशन करायला जागा हवी, म्हणून तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. रूपांतर झाल्यावर मशीन बंद करा, फर्मवेअरमध्ये यूईएफआय निवडा, मग सिक्युअर बूट. ग्राफिक्स कार्ड फार जुने असेल तर लेगसी बंद केल्यावर पडदा काळाच राहू शकतो. अंगभूत ग्राफिक्सला मॉनिटर लावून बघा.

प्रोसेसरची अट मात्र सेटिंगने सुटत नाही. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून आणि एएमडीत रायझन २००० पासून पुढचे यादीत आहेत. रजिस्ट्रीत नोंद टाकून किंवा मीडियात फेरफार करून जुन्या प्रोसेसरवर ११ बसवता येते. ती बसते, चालतेही. पण अशा मशीनला पुढची वार्षिक आवृत्ती विंडोज अपडेटमधून सहसा दिली जात नाही. दोन वर्षे झाली की ‘आवृत्ती संपली’ हा संदेश पुन्हा येतो आणि तीच कसरत हाताने पुन्हा करावी लागते. हे दर दोन वर्षांनी करायची तयारी असेल तरच या वाटेला जा. त्यातही २४एच२ पासून प्रोसेसरला पॉपसीएनटी आणि एसएसई ४.२ या सूचना (प्रोसेसरच्या अंगच्या आज्ञा) याव्याच लागतात. नसतील तर मशीन बूटच होत नाही, कुठलीही पळवाट चालत नाही.

विंडोज १० ही ३२ बिटची असेल तर अपग्रेडचा मार्गच नाही, कारण ११ फक्त ६४ बिटमध्ये आहे. प्रोसेसर ६४ बिटचा असला तर फायली बाहेर काढून नव्याने टाका.

लिनक्स: ४०४ आणि तिचे भाऊबंद

इथे संदेश वेगळ्या तोंडाने येतो. ‘एपीटी अपडेट’ (अपडेट शोधणारी आज्ञा) चालवले की ‘४०४ नॉट फाउंड’, म्हणजे त्या पत्त्यावर काही सापडले नाही. उबंटू या लिनक्सच्या मधल्या, म्हणजे एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) नसलेल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने मिळतात, २४.१० जुलै २०२५ मध्ये संपली. संपल्यावर काही काळाने तिची पॅकेजे मुख्य सर्व्हरवरून ‘ओल्ड-रिलीजेस’ या सर्व्हरवर हलवतात आणि तुमच्या यादीतला पत्ता रिकामा पडतो. सोर्सेसच्या फाइलमध्ये (पॅकेजे कुठून आणायची त्या पत्त्यांच्या यादीत) ‘आर्काइव्ह’ आणि ‘सिक्युरिटी’ या दोन्ही पत्त्यांच्या जागी ओल्ड-रिलीजेसचा पत्ता घाला, अपडेट आणि अपग्रेड पूर्ण करा, मग ‘डू-रिलीज-अपग्रेड’ चालवा. नुसता पत्ता बदलून सोडून देऊ नका. ४०४ जाते, पण तिथे नवी दुरुस्ती कधीच येत नाही. मशीन गप्प होते, सुरक्षित होत नाही.

१८.०४ किंवा २०.०४ सारख्या एलटीएसवर मात्र ४०४ चा अर्थ हा लावू नका. एलटीएसची मुख्य पॅकेजे त्या सर्व्हरवर हलवलेली नाहीत, कारण उबंटू प्रो या वाढीव सपोर्टच्या योजनेखाली त्यांना दहा वर्षांपर्यंत दुरुस्त्या मिळतात. तिथे ४०४ आली तर बहुधा बाहेरचा एखादा पीपीए (तिसऱ्याच कोणाचे पॅकेज-भांडार) बंद पडलेला असतो. नेमकी कोणत्या ओळीवर चूक आहे ते वाचा आणि ती ओळ बंद करा. २०.०४ चा मोफत काळ ३१ मे २०२५ ला संपला. व्यक्तिगत वापरासाठी प्रो पाच मशीनपर्यंत फुकट आहे, टोकन घेऊन ‘प्रो अटॅच’ केले की झाले.

लॉग-इन करताना ‘ईएसएम अॅप्सने इतकी सुरक्षा अपडेट लागू करता येतील’ अशी ओळ दिसते तिला घाबरू नका. सपोर्ट चालू असलेल्या २४.०४ वरही ती दिसते. ईएसएम म्हणजे प्रोमधून मिळणाऱ्या वाढीव दुरुस्त्या. ती ओळ युनिव्हर्स या समुदायाने सांभाळलेल्या भांडारातल्या पॅकेजांबद्दल आहे, सिस्टिम संपल्याबद्दल नाही.

‘डू-रिलीज-अपग्रेड’ म्हणते नवी आवृत्ती नाही? एलटीएसवरून पुढची एलटीएस तिची पहिली पॉइंट आवृत्ती (जशी २४.०४.१) निघाल्यावरच दिसते. उडीही एकावेळी एकच: १८.०४ वरून २०.०४, मग २२.०४, मग २४.०४. अर्ध्यावर अपग्रेड अडकण्याचे हमखास ठिकाण म्हणजे भरलेले बूट पार्टिशन. जुने कर्नल (सिस्टिमच्या गाभ्याच्या जुन्या प्रती) ‘ऑटोरिमूव्ह’ने आधी काढा.

डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर ‘सुइट स्टेबलवरून ओल्डस्टेबल झाले’ अशी तक्रार येते. नवी आवृत्ती आली की जुनीला हे नाव मिळते, ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आल्यावर १२ चे तसेच झाले. हा सपोर्टचा शेवट नाही. विचारले की होय म्हणा. स्क्रिप्टमधून चालत असेल तर ‘अलाउ-रिलीजइन्फो-चेंज’ हा पर्याय द्या. मात्र सोर्सेसमध्ये आवृत्तीच्या नावाऐवजी नुसते ‘स्टेबल’ लिहिले असेल तर पुढच्या अपग्रेडला सिस्टिम न विचारता एका आवृत्तीवरून दुसरीवर जाऊ लागते आणि मध्येच फाटते. तिथे नाव लिहा. डेबियन १० वरून ११ ला जाताना सिक्युरिटीच्या ओळीवर ४०४ येते, कारण ११ पासून त्या भांडाराचे नाव ‘बस्टर/अपडेट्स’ या ढंगाऐवजी ‘बुल्सआय-सिक्युरिटी’ असे झाले. नुसते ‘बस्टर’च्या जागी ‘बुल्सआय’ घालून भागत नाही.

सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या सेंटओएस ७ या लिनक्सचा शेवट ३० जून २०२४ ला झाला आणि ‘मिररलिस्ट’चा पत्ताच बंद पडला. त्यामुळे ‘यम’ (तिथली पॅकेजे आणणारी आज्ञा) चालवले की होस्ट सापडत नाही असे येते, आणि बिचारे लोक डीएनएस तपासत बसतात. रेपोच्या फाइलमध्ये मिररलिस्टची ओळ हॅशने बंद करा, बेसयूआरएल उघडी करा आणि तिच्यातला ‘मिरर’ हा शब्द ‘व्हॉल्ट’ करा. एवढ्याने पॅकेज मिळतील, स्थलांतराची तयारी करता येईल. पुढे अल्मालिनक्स किंवा रॉकी या तिच्या जागी आलेल्या लिनक्सांकडे जावे लागणारच.

साइट उघडत नाहीत, सर्टिफिकेटच्या चुका येतात

‘सिस्टिम जुनी झाली म्हणून साइट उघडत नाही’ हे निदान करण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. मशीन रात्री पूर्ण बंद केले की सकाळी तारीख काही वर्षे मागे, हाताने नीट केली की दिवसभर सगळे ठीक, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच: ही मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ बॅटरीची तक्रार आहे. ती ३ व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी बदला. तारीख चुकली की प्रत्येक सर्टिफिकेट (साइटचे ओळखपत्र) ‘अजून सुरूच झाले नाही’ असे दिसते, अपडेटही अडतात.

तारीख बरोबर असेल तर फायरफॉक्सने तीच साइट उघडून बघा. फायरफॉक्सची विश्वासू रूट सर्टिफिकेटांची (ज्यांच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेटे खरी मानली जातात त्यांची) यादी त्याची स्वतःची असते. त्यात उघडली आणि मेलच्या प्रोग्रॅमला किंवा एखाद्या अपडेटरला मात्र जोडता येत नसेल तर सिस्टिमची रूट यादी शिळी आहे. ३० सप्टेंबर २०२१ ला ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ हे रूट संपल्यावर लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेची सर्टिफिकेटे वापरणाऱ्या असंख्य साइट जुन्या सिस्टिमवर अशाच बंद झाल्या. त्या सेवेचे ‘आयएसआरजी रूट एक्स१’ हे रूट सर्टिफिकेट दुसऱ्या मशीनवरून अधिकृत ठिकाणाहून उतरवून ‘ट्रस्टेड रूट’ या कप्प्यात टाका. दुहेरी क्लिक करून आपोआप जागा निवडू दिलीत तर ते भलत्या कप्प्यात जाते आणि चूक तशीच राहते.

विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. फायरफॉक्सच्या बाजूला ११५ ईएसआर.

मॅकवर याच जातीचा एक चकवा आहे. अॅपल सपोर्टच्या शेवटच्या तारखा जाहीर करत नाही. वहिवाटीने ताज्या तीन आवृत्त्यांना सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. सप्टेंबर २०२५ मधली मॅकओएस टाहो २६ ही इंटेल मॅकसाठी शेवटची. जुन्या मॅकवर पूर्वी जपून ठेवलेला इन्स्टॉलर चालवला की ‘ही प्रत खराब झाली आहे’ असे येते. प्रत चांगली असते. ऑक्टोबर २०१९ च्या आधी उतरवलेल्या इन्स्टॉलरांचे सर्टिफिकेट त्या महिन्यात संपले. अॅपलकडून तोच इन्स्टॉलर नव्याने उतरवा. ते जमत नसेल तर नेट तोडून टर्मिनलमधून तारीख २०१९ च्या मध्यावर न्या, इन्स्टॉल झाल्यावर तारीख पूर्ववत करा.

जुनेच ठेवणे भाग असेल तर

एखादे यंत्र किंवा तपासणीचे उपकरण विंडोज ७ वरच चालते, त्याचा ड्रायव्हर पुढे कधी निघालाच नाही, असे होते. विंडोज ७ नव्याने टाकल्यावर अपडेट तासन्‌तास ‘शोधत’ राहते किंवा चुका देते, कारण २०१९ पासून अपडेटवरची सही एसएचए-२ या नव्या पद्धतीची झाली आणि मूळ ७ ला ती वाचता येत नाही. सर्व्हिस पॅक १ नंतर आधी केबी४४९०६२८, मग केबी४४७४४१९ हाताने टाका, रीस्टार्ट करा. त्यानंतर १४ जानेवारी २०२० पर्यंतची अपडेट उतरतात.

मग ते मशीन नेटवरून काढा. नुसती वायर उपटणे उत्तम. ते शक्य नसेल तर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या अलग केलेल्या भागात) ठेवा आणि फक्त ज्या एका मशीनशी बोलायचे त्याचाच पत्ता आणि पोर्ट उघडे ठेवा. एसएमबी १ (नेटवर्कवर फायली वाटण्याची जुनी पद्धत) बंद करा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारे व्हायरस याच दाराने पसरले, आणि त्याची दुरुस्ती त्याच वर्षीच्या मार्चमध्ये येऊनही अनेकांनी टाकली नव्हती. रोजच्या वापराचे खाते अॅडमिनचे नको. त्या मशीनवर मेल किंवा ब्राउझर उघडायची सवय असेल तर आयकॉनच काढून टाका. फायली नेण्या-आणण्यासाठी एकच यूएसबी ठरवा, ऑटोरन बंद ठेवा आणि ती यूएसबी प्रत्येक खेपेला आधी चालू सपोर्टच्या मशीनवर तपासा. डिस्कची पूर्ण प्रतिमा काढून ठेवा, आणि ती तशाच दुसऱ्या डिस्कवर उतरवून मशीन खरोखर सुरू होते का ते एकदा बघून घ्या. या मशीनची जुनी हार्ड डिस्क जाईल तेव्हा ड्रायव्हरची सीडी आणि सीरियल की बहुधा सापडणार नाही.